किती मार्कानं हुकलं?

आमच्या क्लासच्या स्टाफरूममध्ये नवा मास्तर आला की त्याला चहाच्या आधी एक प्रश्न मिळतो. "किती मार्कानं हुकलं?" काय हुकलं हे वेगळं सांगावं लागत नाही. मेडिकलच्या प्रवेशाची तयारी करून घेणारा माणूस स्वतः कधीतरी त्याच दारापर्यंत जाऊन परत आलेला असणार, हे आम्ही धरूनच चालतो. नवा माणूस आधी बिचकतो, मग खुलतो, आणि कपातला चहा थंड होईपर्यंत त्याची सगळी कहाणी टेबलावर आलेली असते.

केमिस्ट्रीचे सर डोणगावचे. त्यांचं दोन मार्कानं हुकलं. हे दोन मार्क त्यांनी जेवढे जपलेत तेवढं एखादीनं माहेरचं सोनं जपलं नसेल. प्रश्न कोणता होता, पर्याय कोणता खोडला, शेजारच्या बाकावरचा मुलगा ऐन वेळी कसा खोकला, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्या मते तो मुलगा खोकला नसता तर आज मेहकरात त्यांचा दवाखाना असता. फिजिक्सचे सर इंजिनिअर. त्यांचं किती मार्कानं हुकलं ते मोजायला बसलं तर दुपार जाईल, असं ते स्वतःच सांगतात. पुण्यात कंपनीत होते, पण तिथं त्यांनी 'मले, तुले' म्हटलं की लोक हसायचे. ते वैतागून गावी परतले. आता त्याच बोलीत ते वर्गात चुंबकत्व शिकवतात आणि पोरं खूश असतात. आमचे संचालक सर स्वतःच्या मार्कांबद्दल बोलत नाहीत. त्यांच्या घरात डॉक्टर आहे, पण ती त्यांची बायको, दातांची. रस्त्यात कुणी त्यांनाच 'डॉक्टरसाहेब' म्हणून नमस्कार केला तर ते दुरुस्त करायला थांबत नाहीत.

स्टाफरूममध्ये पंखा एकच आहे आणि त्याखालची खुर्ची ज्याचं सगळ्यात थोडक्यात हुकलं त्याची. हा नियम थट्टेतूनच आला, पण खुर्चीवर मात्र खरोखरच केमिस्ट्रीचे सर बसतात आणि दुसरं कुणी बसलं तर बाजूला उभं राहून घसा खाकरतात.

निकाल लागला की चौकात आमचा फ्लेक्स चढतो. चौघांचे फोटो, आणि फोटोखाली प्रत्येकाची पार्श्वभूमी. केमिस्ट्रीच्या सरांच्या नावाखाली 'कोटा अनुभव' असं लिहिलेलं असतं. एका उन्हाळ्यात ते भाच्याला कोट्याला सोडायला गेले होते, तिथली कचोरी खाऊन पोट बिघडवून घेतलं आणि आठवड्यात परत आले. मी टोकलं तर म्हणाले, "मंग हा अनुभव नाई तं काय हाय मॅडम?" माझ्या फोटोखाली काय लिहावं हे संचालक सरांना दरवर्षी सुचत नाही, म्हणून तिथं 'जीवशास्त्राच्या अनुभवी प्राध्यापिका' असं टाकून ते मोकळे होतात.

कारण असं की, मला जेव्हा तो प्रश्न विचारला गेला तेव्हा मी खरं सांगितलं होतं. मी परीक्षाच दिली नव्हती. हे ऐकून तिघंही एकमेकांकडे बघून हसले. इतकी वर्षं झाली, अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. फिजिक्सच्या सरांचं म्हणणं, माझं अर्ध्या मार्कानं हुकलं असणार आणि ते दुःख मला बोलवत नाही. तेव्हापासून केमिस्ट्रीचे सर माझ्याकडे जरा सांभाळूनच बघतात. अर्धा मार्क खरा निघाला तर पंख्याखालची खुर्ची जाणार. मला याचा राग येतो. मला एकूणच राग लवकर येतो, माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा. पण खरं सांगूनही माणूस खोटा ठरत असेल तर करायचं काय? मी नाद सोडला.

मागच्या निकालानंतरची गोष्ट. देऊळघाटची एक मुलगी आमच्याकडे होती. रोज एस.टी.नं यायची, पुढच्या बाकावर बसायची, दोनदा परीक्षा देऊन झाली होती आणि दोन्ही वेळा मार्क जिथल्या तिथं. वडील शेतकरी, सोयाबीन चांगलं पिकवणारे, पोरीला डॉक्टर करायचं हे त्यांनी ती चौथीत असल्यापासून गावाला सांगून ठेवलेलं. आता प्रश्न होता तिसऱ्या वर्षाचा. आणखी एक वर्ष घालायचं की सोडून द्यायचं, हे वडील ठरवणार होते आणि घरात चुलते, मामा सगळे 'बस झालं' म्हणत होते.

माझं मत पक्कं होतं की तिनं आणखी एक वर्ष द्यावं. एकदा तास सुटल्यावर मी अभ्यासिकेत डोकावले, तर तिच्याभोवती सात-आठ मुली कोंडाळं करून उभ्या. हिनं स्वतःची ओढणी टेबलावर वळणावळणानं पसरली होती आणि मूत्रपिंडातली ती चिवट नळी, नेफ्रॉन, समजावून देत होती. इथं पाणी परत जातं, इथं मीठ, आणि हे टोक धरा गं कुणीतरी, सुटून राह्यलं. मी गेली कित्येक वर्षं फळ्यावर ते चित्र काढते, पण ओढणी मला सुचली नव्हती. मी मनाशी म्हटलं, विषय इतका पक्का असलेल्या पोरीचं एका वर्षात काम होणार.

म्हणून मीच तिच्या वडिलांना फोन केला, पालकांच्या मीटिंगला याच म्हणून गळ घातली. मुलगी काहीतरी सांगायला माझ्याकडे आली होती. मी तिला म्हटलं, "तू काही बोलू नको. घरी तुझा आवाज निघत नाही. बाबाशी मी बोलते." ती "बरं मॅडम" म्हणून गेली.

मीटिंगला पोरं आणि पालक मिळून हॉल भरला होता. पोरांच्या बाकात पालकांचे गुडघे मावत नव्हते. संचालक सरांचं भाषण झालं, निकाल वाचून झाला, टाळ्या झाल्या. मग देऊळघाटचे ते वडील उठले. शाळेतल्यासारखा हात वर केला होता.

"सर, एक इचारू का? राग नका मानू. तुमच्या फ्लेक्सवर चार फोटू हायत. त्यातलं डॉक्टर कोन झालं?"

संचालक सर म्हणाले, "हे बघा, त्याचं असं आहे…"

"नाई, सरळ सांगा. बैल घ्याचा तं मानूस दात पाह्यते. इथं तं मी पोरीचं तिसरं वर्स घालाचं म्हनून राह्यलो."

केमिस्ट्रीच्या सरांना राहवलं नाही. ते उठले आणि त्यांनी दोन मार्कांची कहाणी पहिल्यापासून सांगितली, खोकल्यासकट. सगळा हॉल मन लावून ऐकत होता. मागून एका बाईंनी विचारलं, "मंग त्या खोकनाऱ्याले तुमी काई म्हटलं नाई का?" सर म्हणाले, "सुपरवायझर होते न बाई." फिजिक्सच्या सरांनी बसल्या जागेवरून कबूल केलं की त्यांचं कोणी मोजू नये. संचालक सर म्हणाले, "आमच्या मिसेस डॉक्टर आहेत."

"त्या शिकवते का इथं?"

"नाही."

"मंग?" असं म्हणून ते गृहस्थ हॉलभर बघू लागले. "म्हंजे इथं सारे हुकलेलेच हायत. माह्या पोरीले तुमी सारे मिळून हुकाचंच शिकवून राह्यले काय?"

हॉल हसला, आम्हीही हसलो. त्या माणसाच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं. मग तो माझ्याकडे वळला. "अन् मॅडम, तुमचं?"

केमिस्ट्रीच्या सरांनी मान लांब केली. इतक्या वर्षांनी अर्धा मार्क बाहेर पडणार होता.

मीटिंगमध्ये पुस्तकी मराठी बोलायचं असा संचालक सरांचा नियम आहे, पण मला राग आला की माझी भाषा थेट माहेरी जाते, हिवरा आश्रम गावाच्या बाजूला. आणि राग मला आलाच होता, कारण हे लोक पुन्हा हसणार हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "मी देल्लीच नाई परीक्षा."

"काऊन? घरचे नाई म्हनत होते?"

"घरचे हो म्हनत होते. मीच नाई म्हटलं. मले शिकवाचं होतं."

कुणी हसलं नाही, तेव्हा मग मी सांगत सुटले. माझ्या बाबांचं किराण्याचं दुकान होतं. दुकानाच्या ओट्यावर मी लहानपणापासून शाळा भरवायची, साखर घ्यायला आलेली पोरं पाढे म्हणून घरी जायची. बारावीला मार्क चांगले पडले तेव्हा गाव मला आधीच डॉक्टरीण म्हणू लागलं. मी बाबांना सांगितलं की मला रोग्याची नाडी बघायची नाही, मला फळ्यापुढे उभं राहायचंय.

"मंग तुमच्या बाबानं ऐकलं?"

"चार रोज बोलले नाई माह्यासंग. मंग खडूची पेटी आनून ठेवली ओट्यावर."

"आता पस्तावा नाई होत?"

"पेपर तपासताना होते. बाकी नाई."

हे सगळं सांगून मी खाली बसले आणि मग माझ्या लक्षात आलं, आपण या माणसाला पोरीचं तिसरं वर्ष पटवायला बोलावलं होतं. आता गाडी वळवावी म्हणून मी पुन्हा उठणार, तोच पुढच्या बाकावरून ती मुलगी उभी राहिली.

"बाबा, मले बी तेच कराचं हाय."

"काय तेच?"

"मले नाई द्याची परीक्षा. मले शिकवाचं हाय."

संचालक सर माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू, अगदी आदरानं म्हणाले, "मॅडम, पुढच्या मीटिंगला तुम्ही सुटी घ्या."

वडील पोरीकडे वळले. चौथीपासून गावाला सांगून ठेवलेलं सगळं त्या चेहऱ्यावर एकेक करून उतरताना दिसत होतं, आणि मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. आता हा हिला हाताला धरून घेऊन जाणार, असंच मी धरून चालले होते.

"दोन वर्स काऊन नाई बोलली?"

"तुमी इचारलंच नाई. अन् मॅडमले सांगाले गेली तं मॅडम म्हने, तू नको बोलू, मी बोलते."

सगळा हॉल हसला. केमिस्ट्रीचे सर तर डोळे पुसत होते. मी पण हसले. तोंड लाल झालं होतं, पण न हसून सांगते कुणाला? वडील मात्र हसले नाहीत. ते खाली बसले आणि त्यांनी आम्हा चौघांना विचारलं, "मंग हे मास्तरीन व्हाचा क्लास कुठी राह्यते? त्याचा फ्लेक्स नाई दिसला कधी."

चार मास्तर, आणि एकाला उत्तर येईना. तिघांना इथं नशिबानं आणून सोडलं होतं. ठरवून आलेली मी एकटी, तर मी खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधू लागले, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

उत्तर पोरीनंच दिलं. "क्लास नाई राहत त्याचा, बाबा. पह्यले बी.एस्सी. करा लागते, मंग एम.एस्सी., मंग बी.एड. मी पाह्यलं हाय सारं."

"पाह्यलं हाय?" वडील म्हणाले. त्यांनी एक लांब श्वास सोडला, बाकात सरकून आपल्या बाजूला जागा केली आणि त्या जागेवर हात थोपटला. "मंग ये, बस इथं. सांग मले सारं बराबर."

ती त्यांच्यापर्यंत गेली, पण बसली नाही. त्यांच्या बाकासमोर उभी राहूनच सांगू लागली.