धोंड्याच्या वाणाची लेन्स

शशिधर हुक्केरीला नेमकं काय हवं असतं, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. त्याला स्वतःलाही कळत नाही, असं त्याची बायको तेजस्वी म्हणते, आणि सहा वर्षं संसार केलेल्या बाईचं म्हणणं खोटं कसं मानायचं? चहा घेणार का सरबत, विचारा. "काय बी चालतंय." पुढच्या सीटवर बसणार का मागच्या? "कुठं बी चालतंय." शर्ट घ्यायला गेला तर दुकानदार दमतो आणि शेवटी दुकानदारालाच जो आवडेल तो शर्ट घेऊन हा घरी येतो.

शिवाजी पेठेत एका बोळाच्या तोंडाला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच जागी त्याच्या वडिलांचं, चन्नाप्पांचं, किराणा दुकान होतं. वडील म्हणाले गल्ल्यावर बस, हा म्हणाला चालतंय, आणि बसला. पण गल्ल्याखाली एक जुना कॅमेरा ठेवलेला असायचा. कुणीतरी मोडीत काढलेला. त्याचं आपोआप फोकस होणं कधीच बंद पडलेलं, त्यामुळे पोराने हाताने लेन्सची कडी फिरवून फोकस करायला शिकून घेतलं. पुढे चांगले कॅमेरे आले, बटण दाबलं की काम झालं, तरी गड्याची सवय गेली नाही. लग्नात नवरीचा मामा ओरडतो, "अवो फोटोवालं, काढा की लौकर, मुहूर्त जातोय!" आणि हा आपला एक डोळा मिटून कडी फिरवत बसलेला. पण एक आहे. त्याने काढलेल्या फोटोत माणूस फोटोसाठी उभा आहे असं वाटत नाही. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं की ते पाणी दिसतं. म्हणून लोक शिव्या घालतात आणि पुढच्या लग्नाला परत त्यालाच बोलावतात.

त्याच्या स्वतःच्या लग्नात मात्र डोळ्यांत पाणी यायला नवरीचा बापच नव्हता. तेजस्वी शाहूवाडीकडची. मलकापूरच्या पुढे डोंगराच्या कुशीत गाव, भातशेती, दावणीला म्हशी, आणि बाप गणपतराव पाटील म्हणजे शब्दाला आणि मिशीला पीळ असलेला माणूस. पोरीने लिंगायताच्या पोराशी नोंदणी करून लग्न लावलं आणि गणपतरावांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आई झुंबरबाई गोठ्यात जाऊन चोरून फोन करायची. मागे म्हशी ओरडायच्या, त्यातूनच तेजस्वी माहेर ऐकायची. दिवाळी आली की ही पोरगी तीन-चार दिवस कुणाशी धड बोलत नसे. शशिधरला ते दिसायचं, पण काय करावं ते कळायचं नाही.

आणि यंदा अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे लेक-जावयाला घरी बोलवायचं, पाटावर बसवून ओवाळायचं, अनारशांवर दिवा ठेवून वाण द्यायचं. एका सकाळी झुंबरबाईंचा फोन आला. या वेळी मागे म्हशी नव्हत्या.

"घरातनंच बोलतुया ग," ती म्हणाली. "तुझं आबा म्हणालं, धोंड्याला या दोघं. आणि जावयाला काय पायजे ते इचारून घे म्हणालं."

तेजस्वीने नवऱ्याला विचारलंच नाही. कशाला विचारायचं? "काय बी चालतंय" हेच ऐकायला? गेली कित्येक वर्षं हा माणूस जेवण झालं की मोबाईलवर एकच लेन्स बघत बसतो, हे तिला पाठ होतं. जपानी लेन्स. महागडी, आणि तीही हाताने कडी फिरवूनच फोकस करायची. तिने तेच आईला सांगून टाकलं.

गणपतराव दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने कोल्हापुरात येऊन मोठ्या दुकानात चौकशी करून गेले. पोरीच्या घरी मात्र आले नाहीत, ताठा तेवढा शिल्लक होताच. संध्याकाळी परत फोन. लेन्स मिळते, पण तीन रंगांत येते. एक साधी काळी. एक चकचकीत काळी, आत पितळ असलेली. आणि एक चंदेरी. आतली काच एकच. आबा विचारतात, कुठली पायजे?

झालं! सुताने स्वर्गाला जायचं सोडून गडी सुतातच अडकला.

तीच लेन्स वर्षानुवर्षं बघितली होती, पण ती कधी आपली होईल असं वाटलंच नव्हतं, त्यामुळे रंगाचा विचार कुणी केला होता? दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. दुकानदाराने तिन्ही काचेवर मांडल्या. साधी काळी हातात घेतली, बरी वाटली. चंदेरी घेतली, अहाहा, नवरीच्या पैंजणासारखी. थोडी जडही होती. मग चकचकीत काळी घेतली. दुकानदार म्हणाला, "हिचा रंग वापरून वापरून झिजतो बघा, आणि जिथं आपली बोटं लागतात तिथं आतलं पितळ दिसायला लागतं." शशिधरने कडी फिरवली. बोटं तिथंच थांबली. पण लगेच त्याच्या मनात आलं, झिजणारी वस्तू सासऱ्याकडून मागायची म्हणजे सासरा काय म्हणेल?

तो घरी आला तर आई, चन्नम्मा, म्हणाली, "काळीच घे बाळा. काळ्याला दृष्ट लागत न्हाय."

झुंबरबाईंना फोनवर विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं बाई, धोंड्याच्या वाणात काळं कोण देतं का? संक्रांतीला चालतंय काळं. चंदेरीच बरी. चांदीवानी दिसंल ताटात."

तालमीच्या कट्ट्यावर विषय निघाला. तालमीच्या फुटबॉल सामन्यांचे फोटोही शशिधरच काढायचा. एक म्हणाला, चंदेरी घे, गॅलरीतनं बी दिसंल आपला फोटोवाला. दुसरा म्हणाला, म्हणूनच घेऊ नको, चमकलं की खेळाडू बॉल सोडून कॅमेऱ्याकडं बघत्यात. तिसऱ्याचं म्हणणं, सासरा देतोय तर तिन्ही घे. सगळे हसले. शशिधरही हसला, पण त्याचं डोकं मिसळीच्या तर्रीसारखं नुसतं उकळत होतं.

खरी भानगड वेगळीच होती. सहा वर्षांनी दार किलकिलं झालं होतं. चुकीचा रंग सांगितला आणि ते परत बंद झालं तर? चंदेरी म्हणावं तर सासऱ्याला वाटेल जावयाला थाट पाहिजे. काळी म्हणावं तर सासूबाईंना अपशकुन. चकचकीत काळी म्हणावं तर दोन्ही. रात्रंदिवस तेच. एका बारशाला फोटो काढायला गेला आणि बाळ सोडून पाळण्याच्या दांड्यावर फोकस लावून आला.

तेजस्वी म्हणाली, "तुम्हाला कुठली आवडली तेवढं सांगा की."

"तसं न्हाय ग. त्यांना काय वाटंल?"

"त्यांना काय वाटंल ते ते बघतील."

"पण तुला काय वाटतं?"

तिने कपाळावर हात मारून घेतला आणि भाजी चिरायला निघून गेली.

शेवटी एके दिवशी गणपतरावांचाच फोन आला. स्वतःचा. थेट जावयाला. सहा वर्षांत पहिल्यांदा. शशिधर खुर्चीतून उठून उभा राहिला.

"काय पावणं, ठरलं का न्हाय? दुकानदार म्हणतोय आधी सांगाय लागंल."

आता शशिधरने जे केलं ते पुण्या-मुंबईच्या माणसाने केलं असतं तर शहाणपण ठरलं असतं. अदबीने, गोड आवाजात तो म्हणाला, "मामा, माझं काय न्हाय. तुमच्या मनाला येईल ते द्या. न्हाय दिलं तरी चालतंय."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

शशिधरला वाटलं, जमलं! किती नम्रपणे बोललो! तासाभराने झुंबरबाईंचा फोन आला, आणि या वेळी मागे म्हशी होत्या. आई रडत होती. तिकडून आई बोलत होती आणि इकडे तेजस्वीचा चेहरा उतरत होता. फोन ठेवून ती नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुम्ही आबांना काय म्हणालासा? न्हाय दिलं तरी चालतंय?"

"मग? बरंच म्हणालो की."

"बरं? आबा जेवलं न्हाईत. म्हणत्यात, त्या पोराला तवा बी माझं काय नको होतं, आता बी नको हाय."

तेव्हा म्हणजे लग्नाच्या दिवशी. नोंदणी कार्यालयाच्या दारात गणपतरावांचा शेजारी आकाराम येऊन उभा राहिला होता. बाप आला नव्हता, पण बापाने माणूस धाडला होता. आकारामने विचारलं होतं, "गणपतराव म्हणतोय, पोराला काय पायजे?" आणि शशिधरने छाती पुढे काढून सांगितलं होतं, "मला त्यांचं काय बी नको. पोरगी तेवढी पायजे." कट्ट्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला वाटलं होतं, आपण केवढं मोठं बोललो, हुंडा नाकारला! पण गावात ते वेगळंच पोचलं. बापाने रागातसुद्धा हात पुढे केला होता आणि जावयाने तो झिडकारला, असं. ज्याला आपलं काहीच नको तो आपला जावई कसला? गावात लोक विचारायचे, "जावयानं काय मागितलं?" आणि गणपतराव मान खाली घालून शेताकडे निघून जायचे. तेजस्वीला हे आईकडून मागेच कळलं होतं, पण नवऱ्याचा अभिमान दुखावेल म्हणून ती कधी बोलली नव्हती. आज बोलली.

शशिधर मटकन खाली बसला. त्याला कळेना, रडावं का हसावं. माणूस काही मागत नाही म्हणून कुणाला दुःख होतं? आजवर त्याला वाटत होतं, न मागणं म्हणजे कुणाला त्रास न देणं.

"जायाचं का न्हाय मग?" त्याने विचारलं.

"मी जाणार," तेजस्वी म्हणाली. "हाकलून दिलं तर दारात बसून ईन."

दोघं मोटारसायकलवरून निघाले. बांबवडे गेलं, मलकापूर गेलं. शेतांत पावसाआधीच्या, कोरड्या मातीतल्या धूळवाफेच्या पेरण्या चालल्या होत्या. रस्ताभर शशिधर मनात वाक्यं जुळवत होता. माफी मागावी? चंदेरी चालेल म्हणावं? की गप्प बसावं? प्रत्येक वळणावर त्याचा विचार बदलत होता.

गणपतराव ओसरीवरच बसले होते. "या," एवढंच म्हणाले. आत झुंबरबाईंनी पाट मांडला होता, भोवती रांगोळी. लेकीला कवटाळून त्या खूप रडल्या, मग डोळे पुसून ओवाळलं. वाणाचं ताट पुढे आलं. अनारसे, वर दिवा, बाजूला कापडाचा तागा आणि टोपी. लेन्स नव्हती.

गणपतराव दारात येऊन उभे राहिले, पण आत आले नाहीत. "कापडं हायत," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "न्हाय पसंत पडली तर ठिवून जावा. आमची काय सक्ती न्हाय."

तेजस्वी खाली मान घालून दिव्याकडे बघत होती. दिव्याच्या उजेडात तिची हनुवटी थरथरताना शशिधरला दिसली. जुळवलेली सगळी वाक्यं त्याच्या डोक्यातून उडून गेली. काय बोलतोय ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मामा, माझी लेन्स कुठाय?"



"काय म्हणालासा?" गणपतरावांनी विचारलं.

"लेन्स. तुमी देतो म्हणाला होतासा की. मला पायजे. काळी. साधी न्हवं, चकचकीत काळी."

"अगं बाई! धोंड्यात काळं?" झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला.

"काळीच पायजे, मामी. चंदेरी नको मला. आणि..." आता तोंड सुटलंच होतं तर सुटलंच, "...ती मिळाल्याबिगर मी ह्या ताटाला हात लावत न्हाय. जेवत बी न्हाय."

गणपतराव एकटक बघत राहिले. त्यांची मिशी हलली. शशिधरला वाटलं, संपलं. आता हा म्हातारा दोघांना उचलून बाहेर फेकणार. पण गणपतराव गर्रकन वळले आणि ओसरीच्या कडेला जाऊन शेजारच्या घराकडे तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

"आकाराम! ए आकाराम! बाहिर ये की लेका! आमचं जावई रुसल्यात!"

आवाजात राग नव्हता. आवाज फुटत होता. पलीकडून आकारामने विचारलं, "कशापायी?" आणि गणपतराव आणखी मोठ्याने म्हणाले, "मागणी हाय त्यांची! मोठी मागणी हाय! न्हाय दिली तर जेवत न्हाईत म्हणत्यात!" दोन-तीन दारं उघडल्याचे आवाज आले. गणपतराव पायऱ्या उतरून गल्लीत गेले, जो भेटेल त्याला तेच सांगत.

आत तेजस्वी रडत होती आणि हसतही होती. झुंबरबाईंनी तिला जवळ घेतलं होतं. शशिधर पाटावर तसाच बसून होता. आपण नेमकं काय केलं, बरं का वाईट, त्याला उमगेना. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि अनारशांचा वास नाकात शिरत होता. त्याने हात पुढे केला, मागे घेतला, आणि हळूच बायकोला विचारलं, "आता खाऊ का?"

"खबरदार," तेजस्वी डोळे पुसत म्हणाली. "आबा येऊन समजूत काढूस्तोवर खायाचं न्हाय. सहा वर्षं झाली, त्यांना जावयाची समजूत काढायची हाय."