खिंडीत ठेवलेल्या काठ्या

बातमीत ‘म्हणे’ दिसलं की मी ते खोडतो. वृत्तपत्राच्या डेस्कवरची सवय. भुताखेतांच्या गोष्टी तर ‘म्हणे’वरच उभ्या असतात, त्यामुळे त्या मी कधीच मानल्या नाहीत... ही मात्र माझ्या कानांनी ऐकलेली आहे.

अकोले तालुका, गेल्या भाद्रपदातला रविवार, सकाळची वेळ. कळसूबाईला गर्दी होती, म्हणून मी आणि दाजी — माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान — दुसऱ्याच एका डोंगराकडे वळलो. गावातले त्याला नुसतं ‘पल्याडचा डोंगर’ म्हणतात. दोघांच्या हातात बांबूच्या काठ्या, टोकाला लोखंडी टोपण.

खिंडीत शेंदूर फासलेला देव आहे. तिथे शेळ्या राखणाऱ्या मावशींनी अडवलं.

“काठ्या हितं ठिवा. देवाच्या वर काठी न्यायची न्हाई. उतरताना घ्या.”

“अहो मावशी, गुडघा दुखतोय माझा,” दाजी म्हणाले.

“मंग गुडघाबी ठिवा हितंच!”

हसत हसत दोन्ही काठ्या देवाजवळ टेकवल्या.

माथ्यावर सोनकी फुललेली, सगळं पठार पिवळं. दाजी फोटो काढत मागे राहिले, आणि धुकं आलं... डावीकडे सरळ तुटलेला कडा. “दाजी, जागचे हलू नका!” मी ओरडलो. ओ नाही. पुन्हा ओरडलो. नाहीच. दुखरा गुडघा, ओला कातळ — ताईला काय सांगणार होतो मी?

तेवढ्यात खालच्या अंगाने आवाज आला. टक... टक... खडकावर लोखंड. दाजीच! त्यांच्या हातात काठी नाही, हे डोक्यातच आलं नाही. मी आवाजामागे निघालो. मी थांबलो की तो थांबे, निघालो की पुढे सरके. पावलापुढचं दिसत नव्हतं, तरी पाय एकदाही घसरला नाही.

धुकं विरलं तेव्हा मी खिंडीत होतो. पाठोपाठ दुसऱ्या वाटेने दाजी उतरले, धापा टाकत.

“काय पत्रकार, काठी आपटत पुढं पळत होतास व्हय? ओ तरी द्यायची!”

“मी? मी तुमच्या काठीमागे आलो!”

दोघांनी एकदमच देवाकडे पाहिलं. काठ्या जागेवर.

“मावशी, काठ्या कुणी नेल्या होत्या का?”

“कोन नेतंय? मी हितनं हलले न्हाई.”

मी काठ्या उचलल्या. दोन्ही टोपणांना सोनकीच्या चुरगळलेल्या पाकळ्या... ओल्या, ताज्या. खिंडीत सोनकी नव्हती. मी शोधून पाहिलं.

प्रतिध्वनी, ठिबकणारं पाणी, पक्षी — सगळं तपासलं. एकही कारण पाकळ्यांपर्यंत पोचत नाही. दाजी पुन्हा जाऊ म्हणतात. मी तर आजच निघेन... काठी घेऊन, पण ती खिंडीपर्यंतच.