वळणावर खाकरणारी पिकअप

“काका, आवाज घालवा, पण आईला कळू देऊ नका,” जयेश म्हणाला, तेव्हा मी त्याच्या पिकअपच्या पुढच्या चाकाशी वाकून बसलो होतो.

उल्हासनगरात माझं टायर आणि सस्पेन्शनचं वर्कशॉप आहे. गाडी खाली बसवून आणणारी पोरं मला नवी नाहीत. आधी स्प्रिंग कापायच्या, रुंद टायर चढवायचे, आणि टायर फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, घासायला लागला की माझ्याकडे धावत यायचं. जयेशने तर टायरही कारचे घातले होते. माल वाहणाऱ्या गाडीचा टायर जास्त वजन पेलणारा लागतो, हे या शहाण्यांना कोण सांगणार?

“कधी घासतो?”

“घरी येतानाच. आमच्या विहिरीजवळच्या वळणावर. माल भरलेला असला तर नाय. गाडी रिकामी असली की.”

मला हसू आलं. सहसा उलटं असतं. वजन पडलं की गाडी दबते आणि टायर घासतो. जयेश मात्र हसला नाही.

“आई बोलते, बाबा येतात.”

पिकअप मूळची त्याच्या वडिलांची. ते मागच्या वर्षी वारले. बदलापूर गावातली जुनी माणसं घरात शिरण्याआधी खाकरतात, बायामाणसांना चाहूल लागावी म्हणून. त्याचे वडील त्या वळणावरच, गाडीत बसल्या बसल्या खाकरायचे. आता संध्याकाळी गाडी वळली की तिथेच खर्र, खर्र होतं. आई ओट्यावर पाण्याचे दोन तांबे आणून ठेवते.

“दुसरा तांब्या सकाळी रिकामा असतो, काका.”

“मांजर असेल.”

“झाकण लावलेला तांब्या?”

मी विषय बदलला आणि चाक उतरवलं. गाडी खाली बसवल्याने चाक तिरकं होऊन टायरची आतली बाजू इतकी झिजली होती की रबराखालच्या तारा दिसत होत्या. हा पोरगा रोज अंबरनाथ एमआयडीसीतून ड्रम भरून नेतो. भरल्या गाडीचा पुढचा टायर फुटला तर गाडी उलटते, दुसरं काही होत नाही.

गाडी दुपारपर्यंत घरी आली नाही आणि ती माझ्याकडे असल्याचं कोणीतरी सांगितलं, म्हणून त्याची आई रिक्षा करून वर्कशॉपला पोचली. आल्या आल्या म्हणाली, “मिस्तरी, गाडीला हात लावू नका.”

मी वाद घातला नाही. तिचं बोट धरून त्या तारांवर टेकवलं. “वहिनी, हा फुटला तर जयेश जाईल.”

तिने बोट काढलं नाही.

“ती त्यांची उतरायची खूण हाय. खूणच गेली तर ते उतरतील कुठं?”

मग तिने पोराकडे पाहिलं आणि म्हणाली, “करा.”

कंपनीच्या मापाचे, माल पेलणारे टायर घातले. पुढच्या स्प्रिंग बदलून गाडी थोडी उचलली. फेंडरची आत आलेली कड ठोकून चपटी केली. कोडंही सुटलं. माल मागे असतो, त्यामुळे भरलेल्या गाडीचं नाक वर उचललं जातं. रिकामी झाली की नाक खाली येतं. त्या वळणावर खड्डा होता. चाक एकाच वेळी वळायचं आणि दबायचं, म्हणून तिथेच घासायचं. सगळं हिशोबात बसलं, आणि खरं सांगतो, माझ्या जिवालाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रिकाम्या गाडीची ट्रायल घेतली. फेंडरच्या आत मी खडू फासला होता. टायर लागला तर खडू पुसला जातो. जयेश चालवत होता, मी मधे, त्याची आई खिडकीशी. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. विहीर आली. गाडी खड्ड्यात उतरली, वळली, बाहेर आली.

काही आवाज नाही.

जयेशने गाडी थांबवून इंजिन बंद केलं. मी उतरून पाहिलं. खडू जसाच्या तसा होता.

“बघा वहिनी, गेला आवाज,” मी परत जागेवर बसत म्हणालो.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती शांत होती. खिडकीपासून आत सरकून तिने साडीचा पदर आवरून घेतला, कोणाला जागा करून द्यावी तसा.

“उतरले नाहीत,” ती म्हणाली. “म्हंजे गाडीतच हायत. बरं झालं. पोराबरोबर राहतील.” मग माझ्याकडे वळून, “मिस्तरी, तुम्ही पण जरा सरका. त्यांना अडचण होते.”

मी सरकलो. गिअरची दांडी गुडघ्याला टोचत होती, आणि खिडकीजवळच्या त्या रिकाम्या सीटकडे मी घरापर्यंत पाहिलं नाही.

टायर पुन्हा घासला नाही. जयेश आता बेताने चालवतो आणि शेजारी हमालाला बसवत नाही. गाडी खाली बसवायची हौस असेल तर आधी टायर किती वजन पेलतो ते पाहा. आणि ट्रायल गाडी भरून घ्या, तशीच रिकामीही घ्या. रिकामी आहे ना, एवढं मात्र घरच्यांना विचारून.