चार सुपाऱ्यांवर बसलेला राक्षस

आमचे ढुंढिराजभावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, यांनी आयुष्यभर एकच काम केलं. जे दिसत नाही त्याला पाटावर बसवायचं. इथे बनारसला रामघाटावर ते श्राद्धं चालवतात. वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून खणखणीत, चालणं मात्र तिरपं. हल्ली श्राद्धाला बसवायला ब्राह्मण मिळत नाहीत, म्हणून दर्भाच्या काड्यांचा चट बांधून पाटावर ठेवतात आणि त्यालाच पितर मानतात. बाकीचे भटजी चट ठेवतात आणि मंत्र सुरू करतात. भावजी आधी विचारतात, "वडिलांचा कोणता गुडघा दुखायचा?" यजमान म्हणतो, डावा. "मग डावा पाय लांब करून बसलेत. जरा सरका." आणि साताऱ्याचा एक जाडजूड बँकेतला साहेब चटकन मांडी आवरून बाजूला सरकलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. मग जो रडला, बिचारा!

अशा माणसाची गाठ सिनेमावाल्यांशी पडली ती माझी नात देवयानी हिच्यामुळे.

देवयानी कॉम्प्युटरवर चित्रं काढते आणि ती चालतीबोलती करते. तिला एका सिनेमात काम मिळालं. गोष्ट अशी, की दुसऱ्या ग्रहावरचा एक राक्षस, तिकडचं पाणी संपलं म्हणून आपली गंगा प्यायला येऊन बसतो. माणसं खरी, घाट खरा, राक्षस तेवढा देवयानीने काढलेला. आणि काढलेला म्हणजे काढलेलाच, जांभळ्या रेघांचा, चार पायांचा, उपड्या तांब्यासारख्या तोंडाचा.

मी म्हटलं, "अगं, हाडामांसाच्या माणसांत हा कागदी राक्षस कोणाला भिववणार? पोरं हसतील."

"आजी, वही तो बात है! तो इथला नाहीच ना. मग त्याला आपल्यासारखी कातडी कशाला? तो आला की वाटलं पाहिजे, हा कुठल्या वेगळ्याच मातीचा आहे."

मला पटलं. पण सिनेमाचा मुख्य माणूस, अनिश, त्याला पटेना. भोसले घाटावर दोन दिवस एकच तुकडा घेत होते. रुची नावाची नटी पाणी भरून वळते आणि पायरीवर राक्षस बसलेला बघते, एवढंच. राक्षस मागाहून चिकटवायचा, म्हणून त्याच्या जागी काठीला चेंडू बांधून उभा केला होता. रुची त्या चेंडूकडे भिंतीवरच्या पालीकडे बघावं तशी बघायची. बाकीचे दोघे नट, एकाची नजर चेंडूच्या वर, दुसऱ्याची खाली. अनिशने सांगून टाकलं, आज सकाळी जमलं नाही तर मुंबईहून रबराचा पोशाख घातलेला माणूस मागवणार. मग देवयानीचा राक्षस गेलाच. दोन दिवस पोरीच्या पोटात धड घास नव्हता.

मी भावजींना म्हटलं, "अहो, तुम्ही इतक्यांचे बाप पाटावर बसवलेत, एक राक्षस बसवा की!"

"वहिनी, सिनेमातलं मला काय कळतं?"

"त्यांनाही कळत नाहीये. चला."

घाटावर गेल्या गेल्या त्यांनी चेंडूकडे पाहिलं आणि देवयानीला विचारलं, "पाय किती?"

"चार."

"उकिडवा बसतो की मांडी घालून?"

"उकिडवा, आजोबा."

"त्याला हवंय काय?"

"पाणी. खूप तहान लागलीय त्याला."

"मग डोळे आधी पाण्याकडे, मग माणसाकडे." त्यांनी चेंडू काढायला लावला. पायरीवर पाट मांडला आणि त्याच्यापुढे कनवटीच्या चार सुपाऱ्या ठेवल्या, एकेका पायाची एकेक. देवयानी अनिशला म्हणाली, "सुपाऱ्या माझ्या पायांखाली झाकल्या जातील, सर." 'माझ्या पायांखाली' म्हणाली हो! इतकी ती राक्षसात शिरली होती.

मग भावजींनी मंत्र म्हटला, अक्षता टाकल्या, सगळ्यांच्या नजरा पाटावर खिळल्या. माझ्या अंगावर काटा आला. कॅमेरा सुरू झाला. रुची वळली, पाहिलं, आणि हात जोडून खाली वाकली! मागे बसलेल्या एका मल्लाहाने, म्हणजे नावाड्याने, चपला काढल्या.

"कट!" अनिश ओरडला. "पंडितजी, विलन है, भगवान नहीं! अभी सब आरती उतारने लगेंगे!"

सगळा घाट हसला. देवयानीचा चेहरा एवढासा झाला. भावजींचे कान लाल. ते पायरीवर टेकले आणि पुटपुटले, "चुकलंच. पन्नास वर्षांची खोड. पाट दिसला की हात आपसूक बोलावतोच." मी पाणी दिलं. अर्धा तांब्या पिऊन ते एकदम थांबले.

"वहिनी, ज्याला बोलावलं त्याची भीती वाटत नाही. भीती कोणाची? पाट एकाचा मांडला आणि भलताच येऊन बसला, त्याची."

असे उठले, की गुडघा दुखतो हेच विसरले. अक्षता झटकून टाकल्या. रुचीला त्यांच्या बनारसी हिंदीत सांगितलं, "बिटिया, ये आसन तुमने अपने बाबूजी के लिए बिछाया है. पानी लेने मुड़ीं. अब लौटो तो कोई और बैठा है. बुलाया किसी ने नहीं. पहले पैर देखना. एक, दो... तीसरा दिखे तब समझना कि आदमी नहीं है."

बाकीच्या दोघांनाही तेच सांगितलं. पुन्हा कॅमेरा सुरू झाला.

रुची कळशी घेऊन वळली. नजर पहिल्या सुपारीवर, दुसरीवर, आणि तिसरीवर आली तशी तिचा श्वासच अडला. मग डोळे हळूहळू वर गेले, बरोबर तिथे, जिथे तांब्यासारखं तोंड असणार. तो पाण्याकडे बघत असावा, कारण तिनेही पाण्याकडे पाहिलं. आणि मग त्याने तिच्याकडे पाहिलं असावं, कारण कळशी हातातून सुटली आणि खणखणत पायऱ्या उतरत गेली. बाकीचे दोघे नट नेमके तिथेच बघत होते. मघाशी चपला काढणारा मल्लाह तर दोन पायऱ्या वर चढून गेला. त्याच्यावर कॅमेरा नव्हताच!

देवयानी तिथेच छत्रीखाली कॉम्प्युटर घेऊन बसली. तासाभरात नुकत्याच घेतलेल्या त्या तुकड्यावर तिने जांभळ्या रेघा ओढल्या. कच्च्याच होत्या, रंगही भरला नव्हता. पण रुचीच्या डोळ्यांतल्या भीतीने त्या रेघांना वजन आलं होतं. पाट करकरेल असं वाटत होतं. ज्याला मी कागदी म्हटलं होतं, त्याच्यापुढून माझा पदर मी आवरून घेतला.

अनिशने ते तीनदा पाहिलं. देवयानी नखं खात होती. मग त्याने फोन लावला. "सुनिए, वो सूट मत भेजिए. नहीं, अब नहीं चाहिए. हमारा वाला आ गया."

देवयानीने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा तिच्या केसांत अडकला. ती रडत होती, हसत होती, आणि "कचौड़ी खाऊया, आजी, भूक लागली" म्हणत होती.

अनिश भावजींच्या पाया पडला. "पंडितजी, कल वो उठकर चलेगा. आप आएँगे?"

"सकाळी नागपूरकरांचं श्राद्ध आहे. दुपारी येईन," भावजी म्हणाले, आणि लगेच देवयानीकडे वळले. "चालताना आधी कुठला पाय टाकतो गं तो?"

तिने अजून ठरवलंच नव्हतं. मग काय, तिथेच भर घाटावर भावजी वाकून पुढचे दोन पाय झाले, देवयानी त्यांची कंबर धरून मागचे दोन, आणि दोघं तिरपी तिरपी पायऱ्या उतरू लागली. लोक जमले. भावजी मान वर करून मला म्हणाले, "वहिनी, हसू नका! तुम्ही घाबरायचं आहे. राक्षस फुकट जाईल!"