कॅसेटच्या शेवटी बाबा

मी तिसरी नापास, तीही दोनदा. म्हणून मस्कतहून घरी पत्र लिहायचा सवालच नव्हता. मी कॅसेट भरून पाठवायचो.

गेलो होतो फिटरचा हेल्पर म्हणून. देवासला कारखान्याच्या टीममध्ये फुटबॉल खेळायचो, तेवढ्यावर मस्कतच्या साहेबानं मला कंपनीच्या टीमचा कोच केलं. का, तर माझा आवाज मोठा. खेळाडूंची नावं वाचता येत नव्हती, म्हणून मी त्यांना भाज्यांची नावं ठेवली. मॅच दुबईला असो की बहरीनला, मी लाइनीबाहेरून ओरडतोय, "भेंडी, मागे ये! अरे कद्दू, पास दे!" एकानं विचारलं पण, "भिया, तुम्ही कोच की भाजीवाले?"

कॅसेट एकच होती. कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्या हाती द्यायची. ताई देवासला, टेप तिच्याकडे. धारहून बाबांना बोलावून ती त्यांचं बोलणं माझ्या बोलण्यावरच भरायची. मग मी त्यांच्यावर माझं.

बाबांनी धारला दरबारच्या मैदानावर चुन्याच्या लाइनी मारण्यात जन्म घालवला. राजांचा दरबार गेला, सवय नाही गेली. कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आता मशीन काय विचारणार? ते टेपसमोर घसा साफ करून नुसते बसायचे. ताई म्हणायची, "बोला नं बाबा." तेव्हा कुठं एखादं वाक्य.

एका खेपेला कॅसेटवर ताई म्हणाली, "आज बाबांना स्वतःच काही सांगायचंय. मी पोळ्या लाटते." मग बाबांचा खोकला. मग काहीच नाही. मी थोडं थांबलो, हसलो, "बसला म्हातारा गप!" खाली कॅसेट नेणारा हॉर्न मारत होता. मी टेप मागे घेतली आणि माझा किस्सा भरला: पेनल्टी कशी मारायची ते पोरांना दाखवायला गेलो, तर बूट गोलमध्ये आणि बॉल जागेवर! स्वतःच खी-खी हसलो. दिली पाठवून.

दोन-तीन महिन्यांत तार आली. बाबा गेले.

घरी आलो तर ताई रागावली पण नाही. म्हणाली, "डॉक्टरनं पोटाचं ऑपरेशन सांगितलं होतं. तू जवळ असशील तरच करीन म्हणाले. विचारलं होतं नं तुला कॅसेटमध्ये. मी आतून ऐकलं."

"मग?"

"मग तुझा बूट आला. खूप हसले रे. नंतर म्हणाले, कामात आहे तो. मी म्हटलं, परत विचारू. तर म्हणे, एकदा विचारलं, परत विचारायचं नसतं."

कॅसेट तिच्याकडेच होती. लावली. माझा किस्सा, माझं हसणं, "बाकी सगळं बरं आहे," आणि खट्. माझं बोलणं छोटं पडलं होतं. त्याच्या पुढे, जिथं मी पोचलोच नव्हतो, तिथं शांतता. आणि मग बाबा: "...तर राहू दे."

अख्खा प्रश्न माझ्या बुटाखाली गेला, एवढंच उरलं.

ती कॅसेट अजून माझ्याजवळ आहे. टेप पुढे ढकलली तर ती जागा हुकते, म्हणून दर वेळी आधी माझंच हसणं ऐकत बसावं लागतं. बूट गोलमध्ये जातो. खट् होतं. मशीन तर काही विचारत नाही, म्हणून मीच म्हणतो, "बोला नं बाबा."

आणि ते बोलतात.