चालता चालता दिलेला सल्ला

विद्यापीठाच्या सल्ला केंद्रात तिची खुर्ची अगदी नवीकोरी दिसायची, कारण बसणारीचा पत्ताच नसायचा. बाकीच्या सल्लागारांच्या खुर्च्या बसून बसून खोलगट झाल्या होत्या. ही बाई मात्र कधी दारात, कधी जिन्यात, कधी थंड पाण्याच्या यंत्रापाशी. मुलांनी तिचं नाव भिंगरी मॅडम ठेवलं होतं, आणि ते तिच्या कानावर आलेलं होतं. तिची आईही लहानपणी तिला तेच म्हणायची, त्यामुळे वाईट वाटायचं काही कारण नव्हतं.

तिचं काम एकच. भलत्याच विषयाला प्रवेश घेऊन बसलेली आणि आता कॉम्प्युटर सायन्सकडे उडी मारू पाहणारी मुलं तिच्याकडे यायची. उडी मारावी की नाही, मारायची तर आधी कुठले कोर्स पुरे करायचे, हे तिनं सांगायचं. अर्ज मात्र विभागाची समिती बघायची. दर सत्राला अशा मुलांची रीघ लागायची. का यायचंय असं विचारलं की बहुतेक जण म्हणायचे, स्कोप आहे. हा शब्द ऐकला की तिच्या कपाळात तिडीक उठायची. कसला स्कोप, कुणी सांगितला, शेजारच्या काकांनी? काका स्वतः काय करतात? एवढं विचारलं की निम्मी मुलं तिथंच गळायची, आणि तिला बरं वाटायचं.

उरलेल्यांना ती म्हणायची, "चल, चालता चालता बोलू." मग खोलीपासून कॉम्प्युटर लॅबपर्यंत आणि लॅबपासून खोलीपर्यंत फेरी. चालताना मुलं खरं बोलतात, समोरासमोर बसवलं की आईवडिलांनी पढवलेलं बोलतात, असं तिचं ठाम मत होतं. ते चुकीचंही नव्हतं. फक्त एक होतं, की काय बोलणं झालं याची नोंद प्रत्येक भेटीनंतर लगेच करायची असते, ती ही बाई आठवड्याची एकदम करायची, आठवेल तशी. सगळ्यांना शेवटी एक वाक्य ठरलेलं, "बाकी नियम वाचून घे."

मुलांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, विषय राहायचे. संगीतवाला, अर्थशास्त्रवाल्या दोघी, आणि ही दगडवाली. दगडवाली म्हणजे भूगर्भशास्त्राची मुलगी, बुटकी, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी सॅक. तिनं स्कोपचं नावही काढलं नव्हतं. खडकांच्या भेगा मोजायचा एक प्रोग्राम तिनं स्वतःच खटपट करून लिहिला होता, आणि तो फोटोत पडलेली तिची स्वतःची सावलीही भेग म्हणून मोजायचा. सावली आणि भेग यातला फरक यंत्राला कसा सांगायचा, यात तिची अख्खी सुट्टी गेली होती. "आणि मग कळलं मॅडम, की मला दगडात नाही, या भानगडीतच मजा येतेय." हे ऐकून भिंगरी मॅडम जिन्यात चक्क थांबली होती. इतकी वर्षं ती ज्या उत्तराची वाट बघत होती ते हेच.

तेव्हाच त्या मुलीनं विचारलं होतं, की डिस्क्रीट गणित आणि प्रोग्रामिंगचा दुसरा भाग एकाच सत्रात घेतले तर चालतील का. तिच्याकडे वेळ थोडा होता. विषय बदलायचा अर्ज एकदाच करता येतो, आणि दुसरं वर्ष संपलं की तेही दार बंद. "बिनधास्त घे," मॅडम म्हणाली होती. कितीतरी जणांना तिनं हेच सांगितलं होतं, आणि ती सगळी मुलं सुखानं पुढं गेली होती.

मुलीनं दोन्ही कोर्स घेतले, दोन्हींत झकास गुण मिळवले, अर्ज केला, आणि अर्ज नामंजूर झाला.

ती सांगायला आली तेव्हा दुपार होती आणि मॅडम दारातच उभी होती. दगडवालीनं फोनवरचा निरोप दाखवला. प्रोग्रामिंगच्या दुसऱ्या भागाआधी गणित पूर्ण केलेलं नसल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही, एवढंच त्यात होतं. मॅडम म्हणाली, असं होऊच शकत नाही, आणि तरातरा आत जाऊन कॉम्प्युटरवर नियम उघडला. नियम तिथं होता. याच वर्षी बदललेला. खाली विभागाच्या बैठकीची तारीख होती, आणि ती तारीख तिला चांगलीच आठवत होती.

त्या बैठकीला ती हजर होती. म्हणजे सहीपुरती हजर होती. विभागप्रमुख फर्निचरवर बोलायला लागले तेव्हा तिचे पाय वळवळायला लागले, आणि फोन आल्याचं निमित्त करून ती बाहेर पडली. व्हरांड्यात छान दोन-चार फेऱ्या मारून परतली, तेव्हा चहा चालू होता. मधे काय ठरलं ते तिनं विचारलं नाही. नंतर ईमेल आलाच असणार. ईमेल ती चालता चालता वाचायची, आणि तेसुद्धा फक्त मथळे.

"माझंच चुकलं मॅडम," दगडवाली म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं नियम वाचून घे म्हणून. मी खालपर्यंत वाचलंच नाही."

आता इथं ज्याला बोलायला हवं होतं त्यानं बोलायला हवं होतं. पण मॅडमच्या तोंडून शब्द निघाला तो एवढाच, की बघू काहीतरी करता येतं का, उद्या ये. मुलगी मान हलवून निघून गेली. तिच्या सॅकचा एक बंद लोंबत होता, आणि मॅडमला तिला हाक मारून निदान ते तरी सांगावंसं वाटलं, पण तेही जमलं नाही.

संध्याकाळी घरी तिनं ओटा दोनदा पुसला, कपड्यांच्या घड्या मोडून परत घातल्या. तिचा नवरा दातांच्या कवळ्या तयार करतो. दिवसभर एका स्टुलावर बसून एकेक दात घासत असतो. हे लग्न टिकलंच कसं, असं नातेवाईक अजून एकमेकांना विचारतात. तो जेवणाच्या टेबलाशी बसून तिच्या येरझाऱ्या बघत होता. शेवटी तिनं सगळं ओकून टाकलं. मुलीनं स्वतःवर घेतलंय, आपण नुसती रदबदली केली तरी कदाचित भागेल, मी काय बोलले त्याचा कुठं पुरावा आहे, असंही तिनं उभ्याउभ्याच सुचवून पाहिलं.

"कवळी टोचली तर पेशंट आधी काय म्हणतो, माहितीये?" नवरा म्हणाला. "माझ्याच हिरड्या खराब असतील म्हणतो. त्याला काय कळतंय. मला कळतं ना."

एवढं बोलून तो पानातलं संपवायला लागला. तिला त्याचा असा राग आला की विचारू नका. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक दुपारी होती. त्याआधी ती विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. हे गृहस्थ तसे वाईट नव्हते, पण शिस्तीचे भारी भोक्ते. टेबलावरची पेनंसुद्धा एका रांगेत. तिच्या फिरतीवरून ते अधूनमधून टोमणे मारायचे, आणि तीही त्यांच्या पेनांवरून सोडायची नाही.

पहिल्यांदा तिनं पळवाटच धरली. मुलगी किती हुशार आहे, गुण किती चांगले आहेत, सावलीची गोष्ट, सगळं सांगितलं. प्रमुखांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, की मुलगी गुणी आहे हे दिसतंच आहे, पण नियम न वाचणाऱ्याला सूट दिली तर नियम वाचणाऱ्यांनी काय करायचं? यात त्यांचं काही चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. मॅडमनं खिडकीपर्यंत जाऊन बाहेर बघितलं. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी पुढे-मागे करत होतं, जागा पुरेशी होती तरी.

"तिनं विचारलं होतं," ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. मग वळली. "तिनं मला विचारलं होतं सर, आणि मी चालेल म्हणून सांगितलं. नियम मला माहीत नव्हता. बैठकीत तो ठरला तेव्हा मी बाहेर फेऱ्या मारत होते."

 प्रमुखांनी एक पेन उचललं आणि तिथंच परत ठेवलं. मग विचारलं, असं आणखी कोणाकोणाला सांगितलंय. या वर्षी आलेल्या बऱ्याच जणांना, ती म्हणाली. त्यांचे अर्ज अजून यायचे आहेत, आजच्या आज सगळ्यांना गाठते. प्रमुख म्हणाले, चूक सल्लागाराची असेल तर मुलांना सूट देता येते, तशी सोय आहे, पण ते समितीपुढे तिनं स्वतः सांगावं लागेल. आणि इथून पुढे हे चालता-फिरता सल्ला देणं बंद. खुर्चीवर बसायचं, समोर स्क्रीन, मुलगा उठायच्या आत नोंद.

तिच्या जिवाचं पाणी झालं. तो व्हरांडा, ती जिन्यातली खरी बोलणी, हीच तर तिची सगळी कमाई. पण सौदा करायला तोंड कुठं होतं? बरं, म्हणाली.

समितीपुढे तिनं तेच परत सांगितलं. एकदा सांगणं सोपं असतं. दुसऱ्यांदा, चार माणसं मान वर करून बघत असताना, त्याच शब्दांना काटे फुटतात. एका प्राध्यापिकेनं तर, कमाल आहे, असं शेजारच्याला हळूच म्हटलं, आणि ते नीट ऐकू आलं. सांगून झाल्यावर तिला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर तिनं इतक्या फेऱ्या मारल्या की झाडू मारणाऱ्या मावशींनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. थोड्या वेळानं प्रमुखांनी दार उघडून मान डोलावली. दगडवालीचा अर्ज मंजूर झाला होता.

मुलगी खाली सल्ला केंद्रात येऊन बसली होती. मॅडम दोन-दोन पायऱ्या उतरत गेली आणि धापा टाकत सगळं सांगून मोकळी झाली. अर्ज मंजूर, चूक तुझी नव्हतीच, माझी होती, काल मला कळलं होतं आणि काल मी बोलले नाही. आता मुलगी हसेल, नाहीतर रडेल, नाहीतर चिडेल, यातल्या कशालाही ती तयार होती.

 मुलगी म्हणाली, "मी काल घरी सांगून टाकलं."

हळूहळू उलगडत गेलं. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करतात. मुलगी एक सोडून दुसरं धरते हे त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हतं. लहानपणी पोहणं सोडलं, मग चित्रकला सोडली, आता दगड सोडायला निघाली. विषय बदलायला त्यांनी कसाबसा होकार दिला होता. आणि काल तिनं सांगितलं, की नियम वाचायला विसरले, म्हणून संधी गेली. त्यावर ते म्हणाले होते, मला माहीतच होतं. हातात घेतलेलं एकही काम तू नीट करणार नाहीस.

"आता मी मंजूर झालं म्हणून सांगितलं, तर त्यांना वाटेल कुणाच्या तरी हातापाया पडून मिळवलं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "काल तुम्ही बोलला असता तर मी काल ते ऐकून घेतलं नसतं, मॅडम."

 मॅडमला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. समितीपुढे वाटली होती ती याच्यापुढे काहीच नाही. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "लाव बाबांना. मी बोलते."

मुलीनं फोन लावून दिला. फोनवर बोलायचं म्हणजे या बाईची इमारतीला प्रदक्षिणा ठरलेली. आज ती आपल्या टेबलामागं गेली आणि त्या नव्याकोऱ्या खुर्चीत बसली. पलीकडून एक दमलेला आवाज आला, मागं कुठंतरी लोखंडावर हातोडा पडत होता. तिनं आपण कोण ते सांगितलं. मग एका दमात सांगितलं, की तुमच्या मुलीनं सगळं नीट केलं होतं. तिनं आधी विचारलं होतं, आणि ज्या माणसाला विचारायचं त्यालाच विचारलं होतं. चुकीचं मी सांगितलं. ते लपवलंही मी, काल दुपारपासून. आज माझी चूक मी समितीपुढे कबूल केली, म्हणून तिचा अर्ज मंजूर झाला. ती कुणाकडेही काही मागायला गेली नाही.

हातोडा थांबला.  तिला उठावंसं वाटलं, दारापर्यंत तरी जाऊन यावंसं वाटलं, पण ती टेबलाची कड धरून बसून राहिली.

"मी काल तिला फार बोललो हो," वडील म्हणाले. मग विचारलं, "ती आहे का तिथं?"

"आहे," ती म्हणाली, आणि फोन मुलीच्या हातात दिला.