बजीसाठी झाकून ठेवलेलं मशीन

बुधवार, ११ फेब्रुवारी. पक्षीवाल्या बाईंकडे पडद्यांची मापे घेतली; खिडक्या सहा, एक तिरकी. येताना त्यांच्याकडचा निळा बजी आणला. छातीवरची पिसे उपटलेली. मुलगा नाखूश. पाखराला शांतता हवी म्हणून मशीन झाकून ठेवले.

एवढं लिहून काकूंनी पेनाला टोपण लावलं. घडलं तेवढं लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, ही शाळेतल्या सिस्टरांची शिकवण त्यांनी म्हातारपणापर्यंत सांभाळली होती. म्हणून मुलगा काय काय बोलला ते वहीत आलं नाही. बोलला मात्र तो पुष्कळ.

"आई, या वयात हे लचांड कशाला? गुडघे धरून जिना चढतेस, आणि त्यात हा पोपट!"

"पोपट नाही, बजी."

"बजी तर बजी. चार दिवसांत तो मान टाकणार आणि पोपट आपला होणार!"

सून तोंडावर हात धरून हसली. काकू हसल्या नाहीत. "दाणे घालायला गुडघे लागत नाहीत," म्हणाल्या आणि पिंजरा आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

त्या खोलीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. खिडकीशी पायमशीन, भिंतीला कापडांचे गठ्ठे, कोपऱ्यात पलंग. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा घर त्या मशीनवर चाललं. तो गेल्यावरही काकूंचा पाय पायडलवरून हलला नाही. पडदे, गाद्यांच्या खोळी, उशांचे अभ्रे, आलेल्या कामाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

बजी त्यांना मापं घेतानाच दिसला होता. एक कुटुंब भाड्याचं घर सोडून गेलं आणि स्वयंपाकघरात टांगलेला पिंजरा तसाच राहिला. शेजाऱ्यांनी कुलूप उघडवलं तेव्हा आतल्या दोन पाखरांपैकी एकच जिवंत होतं; टाकलेली, आजारी पाखरं सांभाळणाऱ्या या बाईंकडे ते आलं.

"हातानं भरवलं तर गिळतो, आपण होऊन टिपत नाही," पक्षीवाल्या बाई म्हणाल्या होत्या. "दुसरं एखादं धडधाकट पाखरू न्या ना, काकू."

"मला हाच हवा."

"हट्टी दिसता."

"हो, आहे."

"मग माझंही ऐका. रविवारी पडदे न्यायला येईन. तोवर हा स्वतःचं स्वतः खायला लागला नाही, तर परत नेईन. त्याची उपासमार मी बघणार नाही."

काकूंनी मान डोलावली आणि ड्रॉपरनं पेज कशी भरवायची ते शिकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात परीक्षा असल्यासारखी शांतता पसरली. दारावरच्या बेलला चिकटपट्टी लागली. सून भांडी अशी ठेवायची जणू ती काचेचीच. "शिंक आली तर गच्चीत जाऊ का?" मुलानं कुजबुजत विचारलं.

"जा," काकू म्हणाल्या.

बजी मागच्या दांडीवर अंग आवळून, डोळे टक्क उघडे ठेवून बसायचा. काकूंना वाटलं, शांत झालाय. पण वाटीतले राळ्याचे दाणे जसेच्या तसे.

शनिवार उजाडला. पडदे कापून पडले होते, टीप एकाही पडद्यावर नव्हती.

"आई, बस आता शिवायला," मुलगा या वेळी समजुतीच्या सुरात म्हणाला. "उद्या पाखरूही जाईल आणि पडदेही नसतील. तेलही गेलं, तूपही गेलं, असं व्हायचं."

"पाखरू कुठेही जात नाही."

दुपारी काकू पेजेची वाटी विसळायला मोरीत गेल्या. नळाची धार बादलीत धडधडली, तसा खोलीतून फडफडाट ऐकू आला. त्यांनी डोकावून पाहिलं. बजी पिसं फुलवून, मान वाकडी करून ऐकत होता. नळ बंद केला, पाखरू पुन्हा आवळलं. काकूंनी नळ परत सोडला. पुन्हा पिसं फुलली.

ओली वाटी हातात धरून त्या दारात उभ्या राहिल्या. हा कसला शांत! हा तर भेदरलेला. त्या कुलूपबंद घरात शांतताच होती की.

आणि पलंगावरचा नवरा आठवला. दुखणाइताला त्रास नको म्हणून त्यांनी एकदा मशीन बंद ठेवलं होतं. संध्याकाळी तो चिडून म्हणाला होता, "चालव ना गं ते. थांबलं की वाटतं, मला टाकून गेलीस."

काकूंनी वाटी खाली ठेवली, मशीनवरचं कापड ओढून काढलं आणि पिंजरा शेजारच्या स्टुलावर आणला.

"अगं, घाबरून मरेल तो!" मुलगा धावत आला.

"बाजूला हो, उजेड अडतोय."

मशीन खडखडायला लागलं. बजी आधी दचकला, मग दांडीवर पुढे सरकला. पहिला पडदा संपला तेव्हा त्याच्या घशातून किरकिर निघाली. तिसऱ्या पडद्यावर तो वाटीच्या काठावर आला. कट्. एक दाणा फुटला. काकूंनी वर पाहिलं नाही. सहावा पडदा संपला तरी पाय थांबला नाही. त्यांनी एक चिंधी घेतली आणि तिच्यावर उभ्याआडव्या टिपा मारत राहिल्या.

"आता हे काय शिवतेस?" सुनेनं दारातून विचारलं.

"काही नाही. तो जेवतोय."

रविवारी पक्षीवाल्या बाई आल्या त्या वजनकाटा घेऊनच. पिंजऱ्यात वाकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "वाटी तर भरलेलीच आहे, काकू."

काकूंनी वाटी काढली आणि जोरात फुंकर मारली. टरफलं उडाली, थोडी बाईंच्या केसांत जाऊन बसली. तळाला चार दाणे उरले होते.

बाईंनी बजीला हलकेच मुठीत घेतलं, गळ्याखालची दाण्यांची पिशवी चाचपली; ती भरलेली होती. "आज ड्रॉपर?"

"नाही. काल दुपारपासून नाही."

बाईंनी पाखरू पिंजऱ्यात सोडलं, काटा न उघडताच पिशवीत टाकला आणि दुसरा हात पुढे केला. "द्या पडदे."

जिन्यावरची पावलं विरल्यावर मुलानं विचारलं, "म्हणजे आता हे दिवसभर चालणार? आणि मी रविवारी दुपारी झोपू कुठे?"

"गच्चीत," काकू म्हणाल्या.

रविवार, १५ फेब्रुवारी. पडदे दिले. बेलची चिकटपट्टी काढली. मशीनला तेल घातले. राळा संपत आला, उद्या आणायचा.